कामाच्या जागेवरून दिवा निवडा

शिवडी स्थानकाच्या पूर्वेला उतरले की रुळांपासून खाडीपर्यंतची सगळी पट्टी बंदराच्या कामाची. गोदामे, तेलाच्या टाक्या, उभ्या ट्रकच्या रांगा, ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या आणि या सगळ्यांच्या जिवावर चालणारी गॅरेजे, वेल्डिंगची दुकाने. पश्चिमेला चाळी, जुन्या गिरण्यांच्या आसपास उभे राहिलेले टॉवर, आणि तिथे विजेची, नळाची, लिफ्टची कामे करत फिरणारी माणसे. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांना एक वस्तू रोज लागते, ती म्हणजे हातात धरून नेता येईल असा दिवा. तो भर दुपारीही लागतो. ट्रकच्या चासीखाली, होडीच्या पोटात, चाळीच्या जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात दिवसाचा उजेड पोचत नाही.

पाना घेताना लोखंड कसले आहे हे विचारणारा, ड्रिल मशीन घेताना चार दुकाने फिरणारा कारागीरही दिवा मात्र हाताला लागेल तो उचलतो. खोक्यावरचा मोठा आकडा बघतो, एकदा लावून बघतो आणि पैसे देतो. पावसाळा आला की त्या दिव्याचे बटण अडकते, किंवा तो चार्जच होत नाही, आणि पुन्हा नवा घ्यावा लागतो. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी प्रखरतेचा प्रश्न मागे ठेवून दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. हा दिवा कुठे कुठे जाणार आहे? आणि बिघडला तर तो उघडता येईल का? जे हात दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करतात, त्यांनी स्वतःसाठी दुरुस्त न होणारी वस्तू घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

वायरचा दिवा की बॅटरीचा?

जुन्या गॅरेजमध्ये लांब वायरला जोडलेला, तारेच्या जाळीतला बल्ब अजून दिसतो. त्याचा फायदा एकच, तो कधी संपत नाही. धोके मात्र दोन आहेत. जुना तारेचा बल्ब इतका तापतो की फुटला आणि खाली पेट्रोल सांडलेले असले तर आग लागायला वेळ लागत नाही. दुसरा धोका २३० व्होल्टचा. गाडीखाली आडव्या पडलेल्या, घामाने भिजलेल्या माणसाच्या अंगावर सोललेली वायर आली तर त्याला बाजूला व्हायलाही जागा नसते. होडीच्या तळाशी खारे पाणी साचलेले असते, तिथे तर हा दिवा नेऊच नये.

एका जागी बसून दिवसभर काम असेल तर वायरचा एलईडी दिवा चालेल. पण त्याची वायर दुहेरी आवरणाची हवी, आणि तो ज्या बोर्डावर लावायचा त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवा. फिरत्या कामाला बॅटरीचाच दिवा घ्यावा.

उजेड किती आणि कसा

खोक्यावर लिहिलेले लुमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. तुमच्या नटबोल्टवर त्यातला किती पडतो हे दिवा किती पसरट आहे आणि किती जवळ आहे यावर ठरते. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की कामावरचा उजेड साधारण चौपट होतो. म्हणून हात जातो त्या अंतरावरच्या कामाला २०० ते ३०० लुमेन पुरतात. त्याहून प्रखर दिवा इंजिनाच्या चकचकीत धातूवरून उलट डोळ्यांत येतो, बाहुली आकसते आणि सावलीतला भाग अधिकच काळा दिसतो. दिव्याला कमी-जास्त करण्याच्या किमान दोन पायऱ्या असाव्यात आणि पहिल्या दाबाला कमी उजेड लागावा.

झोताचे दोन प्रकार. पिवळसर चौकोनी पट्टीचा, ज्याला बाजारात सीओबी म्हणतात, तो उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. गाडीखाली, सिंकखाली, पॅनेलसमोर तोच सोयीचा. भिंगाचा टोकदार झोत लांबचे बघायला. उंच छतावरचा पाइप, डक्टमधली गळती, अंधाऱ्या गोदामातली पाटी. एकाच दिव्यात पुढे पट्टी आणि टोकाला झोत, अशी जोडी मिळते. फिरत्या कारागिराला ती सर्वांत उपयोगी.

उजेडाच्या रंगाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत आणि दुरुस्तीत तर त्यावरच पुष्कळ अवलंबून असते. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. (हा निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त दिव्यात या मिश्रणात लाल रंग फार कमी उतरतो. मग लाल, तपकिरी आणि काळी वायर एकसारखी दिसू लागते. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी या फेज आणि काळी न्यूट्रल. उपकरणांच्या वायरीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. तिथे रंगाची चूक जिवावर बेतते. टेस्टर लावल्याशिवाय कोणत्याच वायरला हात लावू नये हे खरेच, पण दिव्याने डोळ्यांना फसवूही नये. गाडीखालचा थेंब गिअरच्या लालसर तेलाचा आहे की इंजिनाच्या काळपट तेलाचा, टर्मिनल नुसते मळले आहे की जळून तपकिरी झाले आहे, हेही रंगावरूनच कळते. खोक्यावर सीआरआय हा, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा शोधा. ८० असेल तर ठीक. वायरमन, रंगारी आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणाऱ्यांनी ९० किंवा जास्त बघावा.

शेवटची गोष्ट लुकलुकण्याची. काही दिवे उजेड कमी करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण अशा उजेडात फिरणारा पंखा, पट्टा किंवा लेथचा चक विशिष्ट वेगाला थांबल्यासारखा भासू शकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर फिरत्या यंत्राजवळ तो दिवा वापरू नका.

बॅटरीचे गणित स्वतः मांडा

दिव्याचे आयुष्य बहुतेक वेळा त्याच्या बॅटरीएवढे असते. एलईडी वर्षानुवर्षे चालतो, बॅटरी आधी थकते. ती आत कायमची बंद केलेली असेल तर बॅटरीबरोबर दिवाही गेला. म्हणून पहिली अट ही की बॅटरी बदलता आली पाहिजे आणि ती बाजारात सहज मिळणारी हवी.

सध्या सर्वांत सोयीचा सेल म्हणजे १८६५० हा लिथियम सेल. आकडा त्याच्या मापाचाच आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या सेलची क्षमता २,५०० ते ३,५०० एमएएचच्या दरम्यान असते. या मापाच्या सेलवर ९,९०० लिहिलेले दिसले तर तो खोटा समजा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली बहुधा हलका लागतो. सेलवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. संरक्षक सर्किट असलेला सेल थोडा लांब असतो. तो आपल्या दिव्यात बसतो का हे विकत घेण्याआधी बघून घ्या.

आता हिशेब. २,६०० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९.६ वॉट-तास. दिव्याला एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन मिळतात असे धरले तर ३०० लुमेनवर हा सेल तीन तासांच्या आसपास चालेल. खोक्यावर ‘१,००० लुमेन, १० तास’ लिहिले असेल तर त्यासाठी १०० वॉट-तास लागतील, म्हणजे असे दहा सेल. एवढे सेल त्या दिव्यात मावत नसतील तर दावा खोटा आहे. नामवंत दिव्यांवर एफएल-१ या अमेरिकी मानकाप्रमाणे वेळ दिलेली असते. तिथेही एक बारकावा आहे. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यात मोजतात. म्हणजे ‘सहा तास’ लिहिले तरी सहाही तास पूर्ण उजेड मिळेल असे नव्हे.

ज्यांना चार्जिंगची खात्री नाही, म्हणजे रात्रभर होडीवर राहणारे किंवा लांबच्या साइटवर जाणारे, त्यांना पेन्सिल सेलवर चालणारा दिवा अजूनही चांगला. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. मात्र साधे सेल दिव्यात महिनोन्‌महिने ठेवले की ते पाझरतात आणि आतली स्प्रिंग खातात. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल वापरा, किंवा काम नसताना सेल काढून ठेवा. चार व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे जाड, जड दिवे स्वस्त असतात. पण ते उतरलेल्या अवस्थेत पडून राहिले की बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून ती कायमची निकामी होते. अधूनमधून लागणाऱ्या कामाला ते घेऊ नयेत.

पाणी, धूळ आणि पडझड

आयपी या अक्षरांपुढच्या दोन आकड्यांत पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे बऱ्यापैकी धूळ आणि शिंतोडे सोसणारा. इमारतीतल्या कामाला पुरेसा. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याची धार सोसणारा. गॅरेजला आणि पावसातल्या कामाला हा हवा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. होडीवर आणि तुंबलेल्या चेंबरवर काम करणाऱ्याने याखाली उतरू नये.

या चाचण्या नव्या दिव्यावर, गोड्या पाण्यात, चार्जिंगचे झाकण घट्ट लावून होतात. शिवडीत खारी, दमट हवा बारा महिने आहे. शिवाय तापलेला दिवा एकदम थंड पाण्यात पडला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून झाकणाचे रबर आणि जोडातली ओ-रिंग शाबूत आहे का, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे.

आघातासाठी आयके हा आकडा असतो. आयके ०७ म्हणजे दोन ज्यूलचा मार, आयके ०८ म्हणजे पाच ज्यूलचा. आयके ०८ असलेला दिवा गॅरेजच्या कोब्यावर पडायला भीत नाही. आकडा दिलेला नसेल तर निदान एक मीटरवरून पडण्याची चाचणी झाल्याचा उल्लेख हवा. शिडीवर चढणाऱ्यांनी दोन मीटरचा शोधावा.

आधी काय तुटते

दिव्याचे शरीर क्वचित फुटते. आधी जाते बटण, मग चार्जिंगचे भोक, मग हुकाची किंवा वळणाऱ्या मानेची बिजागरी. या तीन जागांवर पैसे घालणारा दिवा टिकतो.

बटण मोठे, रबराखालचे आणि ग्रीस लागलेल्या बोटाने किंवा हातमोज्यातून दाबता येईल असे हवे. चार्जिंग टाइप-सी असावे. जुन्या मायक्रो-यूएसबीची पिन लवकर ढिली होते. बिजागरीत धातूची कडी आणि स्क्रू असतील तर ती आवळता येते; नुसत्या प्लास्टिकची एकदा झिजली की मान पडते. अॅल्युमिनियमचे शरीर एलईडीची उष्णता बाहेर टाकते, काच भरलेले नायलॉन मार सोसते, दोन्ही चांगली. वरच्या मऊ, मखमली लेपाला भुलू नका, मुंबईच्या दमटपणात तो काही वर्षांत चिकट होतो. पुढची काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती मार सोसते, पण थिनर किंवा अॅसिटोन लागला की तिला तडे जातात.

हात मोकळे राहण्याची सोय ही चैन नव्हे. आपल्या गॅरेजांत नवा शिकाऊ पोरगा पहिले कित्येक महिने दिवा धरण्यात घालवतो. चांगले चुंबक आणि हुक असलेला दिवा घेतला की त्याचे दोन्ही हात कामाला लागतात आणि तो लवकर शिकतो. चुंबक मात्र सगळीकडे चालत नाही. अॅल्युमिनियमच्या इंजिनाला, लाकडी किंवा फायबरच्या होडीला ते चिकटणार नाही, तिथे फिरता हुक हवाच. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो तो रोज पुसावा. छातीत पेसमेकर असलेल्याने असा दिवा खिशात ठेवू नये.

दुकानात काय करून बघाल

शिवडीहून हार्बर लाइनने मशीद स्थानकावर उतरले की हत्यारांची नागदेवी स्ट्रीट चालण्याच्या अंतरावर आहे. विजेच्या सामानासाठी तिथून पुढे लोहार चाळ. सुटे सेल, चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे भाग लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला मिळतात. दुकानदाराला वस्तू उघडून दाखवायला सांगायला संकोच करू नका.

१. लाल, तपकिरी, काळ्या आणि निळ्या वायरचे तुकडे खिशात न्या. दिव्याखाली ते वेगळे ओळखू येतात का बघा.
२. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लुकलुक तपासा, कमी उजेडावर आवर्जून.
३. दिवा कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर परत द्या.
४. दुकानाच्या लोखंडी शटरला चुंबक लावा, मान पूर्ण वळवा आणि वरून हलकी थाप द्या. घसरायला नको.
५. पूर्ण उजेडावर दहा मिनिटे चालू ठेवा. अंग कोमट होणे चांगले, म्हणजे उष्णता बाहेर येते आहे. हातात धरवत नसेल तर नको.
६. स्क्रू कुठे आहेत, सेल कसा निघतो, बटण आणि झाकण सुटे मिळते का, हे विचारा. ज्याला एकही स्क्रू किंवा आटा नाही तो दिवा चिकटवलेला आहे.
७. पक्के बिल घ्या आणि हमीत बॅटरी धरली आहे का, ते वाचा.

दोन मध्यम दिवे एका महागड्या दिव्यापेक्षा बरे. एक हातात, दुसरा चार्जिंगला किंवा डोक्यावर. अंधाऱ्या जागेत एकुलता एक दिवा विझला तर बाहेर यायची वाटही दिसत नाही.

निगा

खाऱ्या पाण्याचा संपर्क आला की झाकण घट्ट लावून दिवा गोड्या पाण्याने धुवा आणि पुसून सावलीत वाळवा. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, दिवा एकदा उघडावा. ओ-रिंग काढून पुसावी आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. गाडीचे ग्रीस काही रबरांना फुगवते. स्प्रिंग आणि संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. काच साबणाच्या पाण्यानेच धुवावी. लिथियमचा सेल महिनाभर वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवावा. उन्हातल्या ट्रकच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको.

सेल फुगला, त्याचे प्लास्टिक फाटले किंवा चार्ज होताना तो चटका बसेल इतका तापला तर त्याचे काम संपले. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कचऱ्याच्या गाडीत टाकलेला सेल दाबला गेला की पेट घेतो आणि त्याची झळ सफाई कामगाराला बसते.

टाकीत उतरण्याआधी

आतापर्यंत सांगितलेला कुठलाही दिवा पेट घेणारी वाफ किंवा वायू साचतो अशा जागी नेऊ नये. पेट्रोलची टाकी, टँकरचे पोट, रंगाचे गोदाम, जहाजाची तेलाची टाकी, मोठ्या बॅटऱ्या चार्ज होतात ती खोली. शिवडी-वडाळ्याच्या तेलटाक्यांपासून दारूखान्याच्या जहाजतोडणीपर्यंत अशा जागा आपल्या आसपास पुष्कळ आहेत. तिथे साध्या टॉर्चच्या बटणातली न दिसणारी ठिणगीही पुरते. पाणी न शिरणारा दिवा म्हणजे ठिणगी बाहेर न जाऊ देणारा दिवा, हा समज चुकीचा आहे.

खाणीतल्या स्फोटांवर उपाय म्हणून हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी घातली. जाळी ज्योतीची उष्णता शोषते आणि बाहेरचा वायू पेटत नाही. आजचे फ्लेमप्रूफ दिवे त्याच विचाराचे वंशज. त्यांच्या आत स्फोट झाला तरी ज्वाळा अरुंद फटीतून जाताना थंड होते. दुसऱ्या प्रकारच्या दिव्यात वीजच इतकी मर्यादित ठेवतात की तिच्या ठिणगीने वायू पेटत नाही. अशा दिव्यावर षटकोनातले ‘ईएक्स’ चिन्ह, वायूचा गट आणि तापमानाचा वर्ग कोरलेला असतो. पेट्रोलच्या वाफेला आयआयए गट चालतो; बॅटऱ्यांच्या खोलीत हायड्रोजन असतो, तिथे आयआयसी हवा. आपल्याकडे या उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था मान्यता देते. तिचे प्रमाणपत्र मागून बघा. या दिव्याचा सेल बदलायचा किंवा तो चार्ज करायचा तर बाहेर, मोकळ्या हवेत.

दिवा कितीही चांगला असला तरी आत हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी वायूमापक आणि बाहेर उभा राहिलेला माणूस लागतो.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आले. पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा न्यायला त्याने मनाई केली, आणि जिथे पेट घेणारा वायू असण्याचा संभव आहे तिथे फ्लेमप्रूफ दिवाच हवा असे सांगितले. हे बंधन टाकीत उतरणाऱ्या मजुरावर सोडलेले नव्हते, काम करून घेणाऱ्यावर घातलेले होते. म्हणून ठेकेदार आणि मालक वाचत असतील तर त्यांना सांगणे आहे की योग्य दिवा तुम्ही विकत घ्या, कामगाराच्या खिशावर टाकू नका. आणि कामगार वाचत असेल तर त्याने शिडीवर पाय ठेवण्याआधी प्रमाणपत्र असलेला दिवा आणि हवेची तपासणी मागावी. ते मिळेपर्यंत बाहेरच थांबावे. तसे थांबण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.